जर्मनीत ओ-पेअर असताना शनिवार-रविवारची भटकंती: वेळ, कागद, तिकिटं

नीलमोहोर

ओ-पेअर म्हणून (यजमान कुटुंबात राहून हातखर्चाच्या बदल्यात त्यांची मुलं सांभाळायला) जर्मनीला निघालेल्यांकडून फिरून फिरून एकच प्रश्न येतो: शनिवार-रविवारी पॅरिस, प्राग, व्हिएन्ना जमेल ना? जमेल, पण नकाशा उघडण्याआधी करार उघडा. कुठे जाता येईल हे अंतरापेक्षा सुट्टीच्या तासांवर जास्त ठरतं. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. उदाहरणाला स्टुटगार्ट घेतलंय (१९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर). तिथून फ्रान्स आणि स्वित्झर्लंड दोन्ही हाताशी आहेत. बाकी भागांतल्यांनी भर घालावी.

जर्मनीतले नियम असे. काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, दिवसाला साधारण ६ तासांपर्यंत. आठवड्याला दीड दिवस सुट्टी. चार संध्याकाळी मोकळ्या. आणि महिन्यातून किमान एक रविवार पूर्ण मोकळा. शेवटची अट दोनदा वाचा. हमी एकाच रविवारची आहे. बाकीच्या आठवड्यांत दीड दिवसाची सुट्टी मंगळवार-बुधवारी दिली तरी ती नियमात बसते. ‘वीकेंड आपलाच असतो’ असं धरून तिकिटं काढणाऱ्यांची फसगत इथेच होते.

म्हणून सही करण्याआधीच्या व्हिडिओ कॉलवर हे स्पष्ट बोलून घ्या आणि करारात लिहून घ्या: महिन्यातले दोन वीकेंड, शनिवारी दुपारी १ ते रविवारी रात्री, मोकळे. कोणते दोन, ते मागच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत ठरेल. बहुतेक घरांना हे पटतं, कारण त्यांनाही आपलं वेळापत्रक आधी लावायला हवं असतं. मुलं झोपल्यावर आई-बाबा बाहेर गेले आणि तुम्ही घरी थांबलात, तर तेही ३० तासांत धरायचं. एक साधी वही ठेवा: तारीख, सुरुवात, शेवट. भांडणासाठी नव्हे. आठवडाअखेरीला ‘या आठवड्यात ३४ तास झाले, तर शनिवारी सकाळीच निघू का?’ असं विचारायला ती उपयोगी पडते.

सुट्ट्यांबद्दल एक गोष्ट सहज निसटते. ‘ख्रिस्टी हिमेलफार्ट’ आणि ‘फ्रोनलाइशनाम’ हे सण नेहमी गुरुवारी येतात (२०२६ मध्ये १४ मे आणि ४ जून). मधला शुक्रवार धरला की चार दिवस सलग मिळतात असं वाटतं. पण त्याच शुक्रवारी बालवाड्या बंद असतात आणि आई-बाबांना ऑफिस असतं, म्हणजे घराला तुमची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच. अशा जोडसुट्टीचं तिकीट घरच्यांचा होकार मिळाल्याशिवाय काढू नका. वर्षाला चार आठवडे हक्काची रजा आहे. व्हिएन्ना, रोम, बार्सेलोना त्यात ठेवा.

पैशांचं: हातखर्च महिन्याला २८० युरो. भाषावर्गासाठी महिन्याला ७० युरो यजमान कुटुंब देतं, आरोग्य, अपघात आणि दायित्व विमाही तेच काढतं. वर्गाला जायच्या प्रवासाचा खर्चही सहसा घरचे देतात. इथे एक विनंती जरूर करा: फक्त शहरापुरता मासिक पास देण्याऐवजी डॉइचलांड-टिकेट (देशभर चालणारा मासिक पास) द्या. जानेवारी २०२६ पासून त्याची किंमत महिन्याला ६३ युरो आहे. फरक तुम्ही भरलात तरी परवडतं, कारण सगळ्या भटकंतीचा पाया तोच पास आहे.

शेजाऱ्यांची मुलं सांभाळून सहलीचे पैसे काढू, हा विचार डोक्यातून काढून टाका. ओ-पेअरच्या परवान्यावर दुसरं काम चालत नाही. चाळीस युरोंसाठी परवाना पणाला लावू नये.

रानवाट

कागदांचं मी लिहितो.

जर्मनीचा निवास परवाना (प्लास्टिकचं कार्ड) आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही जवळ असले की शेंगेन क्षेत्रातल्या (आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांचा गट) इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. जर्मनीतले दिवस यात मोजत नाहीत. जायचा आणि यायचा दिवस मात्र पूर्ण धरतात, म्हणजे शनिवारी गेलात आणि रविवारी आलात तर दोन दिवस. वीकेंडच्या सहलींनी ही मर्यादा ओलांडली जाणं जवळजवळ अशक्य.

‘युरोप’ आणि ‘शेंगेन’ यांत गल्लत नको. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, तिथे चालतं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. रोमानिया आणि बल्गेरिया रस्त्याने-रेल्वेने जाणाऱ्यांसाठीही १ जानेवारी २०२५ पासून. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात असून शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन कशातच नाही. लंडनला किंवा डब्लिनला जायचं तर वेगळा व्हिसा काढावाच लागतो, जर्मन कार्ड दाखवून काम होत नाही. स्वस्त विमान दिसलं की लोक आधी तिकीट काढतात आणि मग हे कळतं.

‘शेंगेनमध्ये सीमा नसते’ हे पुस्तकात ठीक आहे. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. बसमध्ये, रेल्वेत, अगदी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गहून येणाऱ्या ट्राममध्येही पोलीस चढू शकतात. तेव्हा मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड लागतं. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स कामाची नाही. कार्डाबरोबर हिरवी पुरवणी दिली असेल तर तीही घ्या, कारण परवान्याच्या अटी तिच्यावर लिहिलेल्या असतात.

विमा पॉलिसीत ‘गेल्टुंग्सबेराइख’ या शब्दाखालचा मजकूर वाचा. पॉलिसी कोणकोणत्या देशांत चालते ते तिथे दिलेलं असतं. काही पॉलिसी अख्ख्या शेंगेनला लागू असतात, काहींत परदेशातले दिवस मर्यादित असतात.

चाफेकळी

रानवाट दादा, एक शंका. सुरुवातीला कार्ड नसतं, पासपोर्टवर डी व्हिसा (दीर्घ मुदतीचा प्रवेश व्हिसा) चिकटवलेला असतो. त्यावर फ्रान्सला जाता येतं का? आणि व्हिसा संपला पण कार्ड अजून आलं नाही, अशा मधल्या काळात काय करायचं?

रानवाट

डी व्हिसा वैध आहे तोवर जाता येतं, तोच ९०/१८० चा नियम.

मधल्या काळात परदेशी नागरिक कार्यालय (आउसलेंडरबेह्योर्डे) एक कागद देतं, ‘फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग’. त्यावर कायद्याचं कलम ८१ असतं आणि पुढे उपकलम ३, ४ वगैरेंपैकी एकावर खूण. उपकलम ३ वर खूण असेल तर जर्मनीबाहेर पाऊल टाकू नका, परत येताना अडकाल. ४ वर असेल तर आधीच्या परवान्याचे हक्क पुढे चालू राहतात, पण सीमेवरचा प्रत्येक शिपाई तो कागद ओळखेलच असं नाही. स्पष्ट सल्ला: कार्ड हातात पडेपर्यंत जर्मनीतच फिरा. उल्म, ट्यूबिंगन, हायडेलबर्ग, न्यूर्नबर्ग, म्युनिक एवढं पाहायलाच दोन-तीन महिने जातील.

आणि व्हिसा संपायच्या ६ ते ८ आठवडे आधी त्या कार्यालयाची अपॉइंटमेंट मागा. उशीर बहुतेक तिथेच होतो.

रूळबदल

आता गाड्या. हा भाग मोठा आहे, चहा घेऊन बसा.

डॉइचलांड-टिकेट १ मे २०२३ ला सुरू झालं. त्यावर देशभरातल्या आरबी आणि आरई (प्रादेशिक गाड्या), एस-बान (उपनगरी रेल्वे), भुयारी रेल्वे, ट्राम आणि शहर बस चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि फ्लिक्सट्रेन चालत नाहीत. तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही, बरोबर ओळखपत्र लागतं. ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. थांबवायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. भारतात परत जायच्या आधीच्या महिन्यात ही तारीख हमखास विसरली जाते. तिकीट मोबाइलमध्ये असेल तर पॉवर बँक हवीच. फोन बंद पडला तर तपासनिसाच्या लेखी तुम्ही विनातिकीट आहात. दंड ६० युरो. घरी येऊन तिकीट सिद्ध केलं की तो बराच कमी होतो, पण तो खटाटोप रविवारी रात्री नको.

जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये शोधताना ‘फक्त डॉइचलांड-टिकेट चालणाऱ्या गाड्या’ हा पर्याय सुरू करा. नाहीतर ॲप तुम्हाला आयसीईत बसवून मोकळं होतं.

स्टुटगार्टहून किती वेळात कुठे, ते वेळेच्या हिशोबाने पाहू. हातात फक्त अर्धा दिवस असेल तर एसलिंगन, लुडविग्सबुर्ग, ट्यूबिंगन किंवा उल्म. उल्म साधारण तासाभरावर. तिथल्या मिन्स्टर चर्चचा मनोरा १६१.५३ मीटर, ऑक्टोबर २०२५ मध्ये बार्सेलोनाच्या साग्रादा फामिलियाने मागे टाकेपर्यंत जगातला सगळ्यात उंच चर्चमनोरा. मनोऱ्यावर चढायची वेळ हिवाळ्यात लवकर संपते, म्हणून दुपारी २ पर्यंत पोचा. पूर्ण दिवस असेल तर हायडेलबर्ग, व्युर्त्सबुर्ग, न्यूर्नबर्ग, स्ट्रासबुर्ग, राइन धबधबा. म्युनिक उल्ममार्गे आरईने अडीच-तीन तास, म्हणजे दीड दिवस असेल तर छान, एका दिवसात धावपळ.

हे तिकीट सीमेपलीकडच्या काही स्टेशनांपर्यंतही चालतं, आणि ओ-पेअरसाठी हे सोनं आहे. म्युनिककडच्यांना साल्झबुर्ग आणि कुफश्टाइन. ऱ्हाइनलँडकडच्यांना व्हेन्लो आणि एन्स्खेडे. स्टुटगार्टवाल्यांना शाफहाउजन. ट्रियरकडच्यांना लक्झेंबर्ग, कारण तिथे २०२० पासून दुसऱ्या वर्गाचा सार्वजनिक प्रवास सगळ्यांना मोफत आहे, सीमेपर्यंत पास आणि पुढे फुकट.

राइन धबधब्याला जाताना एक गफलत हमखास होते. धबधबा शाफहाउजनशेजारच्या नॉयहाउजन गावात आहे आणि तिथे तीन वेगवेगळी स्टेशनं आहेत. धबधब्याच्या अगदी कडेला असलेलं ‘नॉयहाउजन राइनफाल’ स्विस मार्गावर आहे, तिथे आपलं तिकीट चालत नाही. सिंगनहून जर्मन मार्गावरच्या गाडीत बसून ‘नॉयहाउजन बाडिशर बानहोफ’ला उतरायचं आणि खाली चालत जायचं. १५ ते २० मिनिटं. धबधबा १५० मीटर रुंद, २३ मीटर उंच. आल्प्सचा बर्फ वितळल्यावर जून-जुलैमध्ये पाणी सगळ्यात जास्त. उतरण्याआधी मोबाइल डेटा बंद करा: स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या रोमिंगमध्ये येत नाही. काही सिमकंपन्या ते धरतात, काही नाही, आणि न धरणाऱ्यांचं बिल जबर येतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

नीलमोहोर

रूळबदल, स्ट्रासबुर्गचं सविस्तर लिहा ना. पहिली परदेश सहल बहुतेकांची तीच असते.

रूळबदल

लिहितो, पायरीपायरीने.

स्टुटगार्ट ते कार्ल्सरूह, तिथून ऑफेनबुर्ग, तिथून केल (सीमेवरचं जर्मन गाव). सगळं प्रादेशिक गाड्यांनी, अडीच ते तीन तास. ऑफेनबुर्गहून स्ट्रासबुर्गपर्यंत थेट गाडी जाते, पण पास केलपर्यंतच आहे. पुढच्या एका स्टेशनासाठी वेगळं तिकीट लागतं, आणि नेमकं तिथेच तपासनीस येतात. म्हणून केलला उतरा.

केल स्टेशनच्या दारातच डी ट्रामचा थांबा आहे. ही ट्राम २०१७ पासून राइन नदी ओलांडून येते. थांब्यावरच्या यंत्रातून स्ट्रासबुर्गचं तिकीट काढा. आता महत्त्वाचं: कागदी तिकीट ट्राममध्ये चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्राला लावून वैध करायचं असतं. ट्रामच्या आत तशी सोय नाही. स्टुटगार्टमध्ये यंत्रातून काढलेलं तिकीट लगेच लागू होतं, त्यामुळे ही सवय नसते आणि खिशात तिकीट असूनही दंड बसतो. म्युनिकच्या निळ्या डब्यांत आणि प्रागच्या पिवळ्या यंत्रांतही असाच ठसा मारून घ्यावा लागतो. दिवसभर ट्राम वापरणार असाल तर ‘युरोपास’ नावाचं दिवसाचं तिकीट बघा. ते ऑर्टेनाऊ जिल्हा (केल त्यातच येतं) आणि स्ट्रासबुर्ग दोन्हीकडे चालतं.

‘लांगश्ट्रॉस ग्रां-रू’ला उतरलात की कॅथेड्रल पाच-सात मिनिटांवर. मनोरा १४२ मीटर. रविवारी सकाळी प्रार्थना असते, बाहेरच्यांना दुपारनंतर सोडतात. तेव्हा सकाळी ‘पतीत फ्रांस’ या जुन्या वस्तीत कालव्यांकाठी फिरा, दुपारी कॅथेड्रल. परतताना ट्रामने न येता राइनवरच्या पादचारी पुलावरून चालत केलला या. दोन्ही काठांवर मिळून एकच बाग आहे. फ्रान्समधून जर्मनीत पायी येण्याची मजा वेगळी, आणि गाडीला वेळ असेल तर तिथल्या बाकावर डबा खाता येतो.

नाताळच्या बाजाराचे वीकेंड (नोव्हेंबर अखेर ते डिसेंबर अखेर) वेगळे. जुन्या शहराच्या बेटावर जाताना बॅगा तपासतात आणि मधले काही ट्रामथांबे गर्दीमुळे बंद ठेवतात. मोठी सॅक नको. जमलं तर शनिवार-रविवार सोडून मोकळ्या संध्याकाळी जवळच्या एसलिंगनचा बाजार पाहा.

चाफेकळी

खूपच उपयोगी. आणि पॅरिस? रात्रीच्या बसने शुक्रवारी निघायचं, रविवारी परत, असं बरेच जण सुचवतात.

गाठोडं

माझं मत बसच्या बाजूने. ३० युरोंच्या आसपास जाता येतं, आणि २८० युरोंत महिना काढायचा असताना हा फरक मोठा आहे. मात्र एक लक्षात ठेवा: स्टुटगार्टला फ्लिक्सबस मुख्य स्टेशनवर येत नाही, विमानतळाच्या बसतळावर येते. एस२ किंवा एस३ ने मुख्य स्टेशनहून जवळपास अर्धा तास. वीकेंडच्या रात्री एस-बान रात्रभर चालते, त्यामुळे पहाटे उतरलात तरी घरी पोचता येतं.

रूळबदल

गाठोडं, पैशांचा हिशोब बरोबर, पण वेळेचाही करू. बस ८ ते ९ तास. शुक्रवारी रात्री १० ला निघालात तर शनिवारी सकाळी ७ ला पॅरिस, अंग आंबलेलं. परतीची बस रविवारी रात्री धरलीत तर सोमवारी पहाटे घरी, आणि साडेसहाला मुलांचे डबे. झोप न झालेल्या माणसाने लहान मुलांना रस्ता ओलांडून नेऊ नये. परत येताना रात्रीची बस कधीच नको, यावर मी ठाम आहे. जाताना बस आणि येताना रेल्वे हा मधला मार्ग चांगला.

थेट जलद गाडी स्टुटगार्टहून पॅरिस एस्ट स्टेशनला सव्वातीन तासांत जाते. आधी काढलं तर तिकीट स्वस्त, शेवटच्या आठवड्यात तिप्पट. ‘सुपर श्पारप्राइज’ हे सगळ्यात स्वस्त तिकीट रद्द करता येत नाही आणि त्याच गाडीला बांधलेलं असतं. घरच्यांनी वीकेंड बदलला की पैसे बुडाले, म्हणून नीलमोहोर यांनी सांगितलेली २० तारीख महत्त्वाची. गाडी २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असं दिसलं, तर ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. ॲपमधल्या उशिराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के परत मिळतात. डॉइचलांड-टिकेटवर हा हिशोब लागू नाही. तिथे तासाभराच्या उशिराला फक्त १.५० युरो, तेही एकूण ४ युरो जमल्याशिवाय देत नाहीत, आणि उशीर झाला म्हणून आयसीईत बसायची मुभाही नाही.

स्वस्त विमानाबद्दल: नावावर जाऊ नका. ‘पॅरिस बोव्हे’ शहरापासून ८० किलोमीटरहून लांब आहे, ‘फ्रँकफुर्ट हान’ त्याहून लांब. सव्वा तासाचं उड्डाण दारापासून दारापर्यंत सहा-सात तासांचं होतं. काही कंपन्या युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना आधी काउंटरवर कागद दाखवायला लावतात, त्याची रांग वेगळी. दीड दिवसासाठी विमान नकोच.

पाटीपेन्सिल

पॅरिसचा विषय निघालाच आहे तर संग्रहालयांबद्दल एक मुद्दा. बरेच जण यात उगाच पैसे घालवतात.

लूव्र, ऑर्से आणि व्हर्साय इथे २६ वर्षांखालच्यांना मोफत प्रवेश आहे, आणि तो नागरिकत्वावर नाही, राहण्याच्या ठिकाणावर आहे. भारतीय पासपोर्ट असला तरी तुम्ही जर्मनीचे रहिवासी आहात. जर्मन निवास कार्ड आणि वयाचा पुरावा दाखवायचा. लूव्रने १४ जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांसाठी तिकीट ३२ युरो केलं आहे. पासपोर्ट बघून आपण त्यातच बसतो असं समजून लोक ते काढतात. संकेतस्थळावर ‘२६ वर्षांखालील रहिवासी’ असा शून्य युरोंचा पर्याय शोधा. मोफत असलं तरी वेळ आरक्षित करावीच लागते. लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी.

इटलीत याच्या उलट. तिथल्या सरकारी संग्रहालयांत १८ ते २५ वयाला २ युरोंचं तिकीट आहे, पण ते युरोपीय नागरिकांनाच. आपल्याला लागू नाही. मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे सगळ्यांनाच मोफत. तेव्हा इटलीची रजा पहिल्या रविवारला जोडून घ्या, आणि त्या दिवशी दार उघडायच्या अर्धा तास आधी रांगेत उभे राहा.

म्युनिकला आल्टे पिनाकोटेक, पिनाकोटेक डेर मोडेर्ने, ब्रांडहोर्स्ट यांना रविवारी फक्त १ युरो. स्टुटगार्टच्या श्टाट्सगालेरीचा कायमचा संग्रह बुधवारी मोफत. आणि ॲमस्टरडॅमचं ॲन फ्रँक घर: तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सकाळी १० वाजता सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची खुली होतात आणि भराभर संपतात. आधी हे तिकीट, मग रेल्वेचं, मग हॉस्टेल, असा क्रम ठेवा.

ताकभात

खाण्याचं कुणी लिहिलं नाही, म्हणून.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. सुपरमार्केट, औषधं-साबणाची दुकानं, सगळं. मोठ्या स्टेशनांतली दुकानं आणि काही बेकऱ्या सकाळचे काही तास उघड्या असतात. स्ट्रासबुर्गच्या बाजूलाही रविवारी बहुतेक बाजार बंदच. तेव्हा शनिवारी संध्याकाळीच पाणी, फळं, ब्रेड घेऊन ठेवा.

प्रवासाला दशम्या सगळ्यात उत्तम. दोन वाट्या कणकेला साधारण पाऊण वाटी कोमट दूध, दोन चमचे तेल, मीठ, थोडा ओवा. पाणी अजिबात नको. दोन दिवस मऊ राहतात. भाजल्यावर गरम असतानाच डब्यात भरल्या तर वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. पूर्ण गार होऊ द्या, मग कागदात गुंडाळून डब्यात. कणीक भारतीय दुकानातली घ्या. जर्मन ‘फोलकोर्न’ (अख्ख्या धान्याच्या) पिठात कोंडा जाडसर असतो, दशमी चिरते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. लोणच्याच्या तेलाने सॅक खराब होते आणि गाडीच्या बंद डब्यात वासही बराच येतो.

बाहेर खायचं तर तुर्की दुकानातलं फलाफल ड्युरुम (पोळीत गुंडाळलेले छोल्यांचे वडे) स्वस्त आणि पोटभर. शाकाहारी असाल तर केझश्पेत्सले (चीज घातलेल्या शेवया) मागवताना ‘ओने श्पेक’ असं स्पष्ट सांगा, काही ठिकाणी वरून डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. माउलटाशन दिसायला करंजीसारखं, पण आत बहुधा मांस. नळाचं पाणी प्यायला चांगलं. बाटली विकत घेतलीत तर प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट ठेव असते, ती फेकू नका, सुपरमार्केटच्या यंत्रात घाला.

स्वच्छतागृहांना स्टेशनवर पैसे पडतात, गाडीत मोफत. उतरायच्या आधीच जाऊन या. सुटी नाणी जवळ असू द्या, सामानाच्या लॉकरलाही लागतात.

वडाचंझाड

मुलगी सप्टेंबरमध्ये जाणार आहे. पुण्यात मॅक्स म्यूलर भवनची ए१ (जर्मनची पहिली पातळी) परीक्षा झाली. पालक म्हणून दोन प्रश्न: स्टेशनवरच्या घोषणा ए१ वर कळतात का? आणि प्रवासात पासपोर्ट हरवला तर?

रूळबदल

काका, घोषणा पहिल्या महिन्यात कळत नाहीत, पण सात-आठ शब्द पाठ असले की पुरतं. ‘फर्श्पेटुंग’ म्हणजे उशीर. ‘फेल्ट आउस’ म्हणजे गाडी रद्द. ‘हॉयटे फोन ग्लाइस...’ म्हणजे आज अमुक फलाटावरून, हे ऐकू आलं की लगेच हलायचं. ‘हाल्ट एंटफेल्ट’ म्हणजे त्या स्थानकावर गाडी थांबणार नाही. ‘एरझात्सफेरकेअर’ म्हणजे रुळांचं काम चालू आहे, मधल्या टप्प्यात बस. अशा वेळी प्रवास तासाभराने वाढतो आणि बस स्टेशनच्या मागच्या बाजूला कुठेतरी असते. ही कामं बहुतेक वीकेंडलाच काढतात, म्हणून गुरुवारी रात्री पुन्हा एकदा ॲप तपासायचं.

सगळ्यात फसवा शब्द ‘त्सूगटाइलुंग’. गाडी वाटेत दोन तुकड्यांत तुटते आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या गावी जातो. उदाहरणार्थ म्युनिकहून आल्गॉयकडे जाणारी गाडी इमेनश्टाटला तुटते, एक भाग लिंडाऊकडे आणि दुसरा ओबर्स्टडोर्फला. ‘फोर्डरर’ म्हणजे पुढचा भाग, ‘हिंटरर’ म्हणजे मागचा. डब्याच्या दारावरची पाटी वाचून मगच चढायचं, गर्दी असली तरी.

रविवारच्या परतीला शेवटची गाडी कधीच धरायची नाही. तिच्या आधीच्या दोन गाड्या हाताशी राहतील अशा वेळेला निघायचं. एक चुकली, एक रद्द झाली, तरी घरी पोचता येतं.

रानवाट

पासपोर्टबद्दल. निघण्यापूर्वी पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, कार्डाच्या दोन्ही बाजू यांची प्रत तुमच्याकडे, यजमानांकडे आणि ईमेलमध्ये ठेवा. हरवला तर आधी त्याच शहरातल्या पोलीस ठाण्यात तक्रार आणि तिची लेखी प्रत. तिच्याशिवाय पुढचं काही हलत नाही. जर्मनीत हरवला तर बाडेन-व्युर्टेम्बर्गसाठी (स्टुटगार्ट याच राज्यात येतं) म्युनिकचा भारतीय वाणिज्य दूतावास. दुसऱ्या देशात हरवला तर तिथल्या भारतीय दूतावासाशी आधी बोलायचं आणि मग जर्मनीत परतायचं, कारण सीमेवर तपासणी आहे. बँकेचं कार्ड आणि निवास कार्डाची ऑनलाइन ओळख ११६ ११६ या क्रमांकावरून बंद करता येते. रुग्णवाहिका किंवा आग, युरोपात कुठेही ११२.

पासपोर्ट सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवू नये. कपड्यांच्या आत, अंगाला लागून असलेली सपाट पिशवी सगळ्यात बरी. पॅरिस मेट्रो, प्रागचा चार्ल्स पूल, बार्सेलोनाची रांब्ला इथे पाठीवरची सॅक पुढे घ्यायची. आणि प्रत्येक सहलीआधी यजमानांना तीन ओळींचा संदेश: कोणती गाडी, कुठे मुक्काम, रविवारी किती वाजता परत. त्यांनाही सोमवारची काळजी असते.

वडाचंझाड

मनापासून आभार. दशमीचं प्रमाण हिच्या आईने लिहून घेतलं.

ताकभात

काका, ओवा आणि शेंगदाण्याची चटणी इथूनच पाठवा. कणीक तिथे मिळेल.